हिरड्यांचंही आता दुर्बिणीचं ऑपरेशन

‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ हा शब्द आपल्या घराघरांत चांगलाच रुळलेला आहे. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे तो आपल्या सासवांच्या पिढीला ठाऊक झाला. पुढे पित्ताशयातले खडेही दुर्बिणीने काढू लागले. हिंदुस्थानातले ते पहिले ऑपरेशन १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी केले. पोटावर वीतभर चीर देण्याऐवजी दोन-चार बारीक छिद्रे पाडायची, एका छिद्रातून कॅमेरा आत घालायचा आणि पडद्यावर बघत बघत काम करायचे. बाई दोन दिवसांत घरी येते, आठवड्यात पोळ्या लाटायला लागते. म्हणूनच तर या पद्धतीचे आपल्याला इतके अप्रूप!

हीच युक्ती आता हिरड्यांपर्यंत येऊन पोचली आहे, हे मात्र फार थोड्या जणींच्या कानावर आले असेल. हिरडीच्या आत, दाताच्या मुळाशी, काही मिलिमीटर जागेत कॅमेरा घालून ऑपरेशन करायचे! मला पहिल्यांदा हे ऐकून हसूच आले होते. पण माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हिरड्यांच्या निमित्ताने गेले वर्षभर दातांच्या दवाखान्याच्या खूप फेऱ्या झाल्या, बरेच विचारून घेतले, बरेच वाचले. त्यातले जे आपल्या उपयोगाचे आहे ते इथे लिहिते आहे.

आधी रोगाविषयी. आपल्याकडे त्याला ‘पायरिया’ म्हणतात. दात घासताना रक्त येते, तोंडाला वास येतो, हिरड्या सुजतात, मग त्या खाली सरकतात आणि दात लांब दिसू लागतात. पुढे दातांत फटी पडतात, आणि एक दिवस पेरूची फोड खाताना दात हलतो आहे असे जाणवते. या सगळ्याला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, हीच तर खोड आहे!) एवढ्या काळात दुखत मात्र काहीच नाही. दाढ किडली की ठणका लागतो, रात्र काढवत नाही, म्हणून माणूस झक्कत डॉक्टरकडे जातो. हिरडीचे तसे नाही. ती गप्प बसते. आपणही ‘उष्णतेनं होतंय’ म्हणून सब्जा भिजत घालतो आणि विसरतो.

आतमध्ये काय चाललेले असते ते पाहू. दातांवर सतत जंतूंचा एक चिकट थर बसत असतो. तो रोज नीट निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे त्याचे कीटण होते. आपल्या पाणी तापवायच्या बंबाला आतून जसा खर धरतो ना, तसेच. कीटण एकदा बसले की ब्रशने निघत नाही. त्याच्या आधाराने जंतू हिरडीच्या आत शिरतात. हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीकशी खाच प्रत्येकाच्या तोंडात असते, एक ते तीन मिलिमीटर खोल. रोग झाला की ती खोल होत जाते आणि तिचा खिसा बनतो. पाच, सहा, आठ मिलिमीटरसुद्धा. ब्रश काही एवढ्या आत पोचत नाही. त्या खिशातल्या जंतूंशी आपले शरीर झगडत राहते आणि त्या झगड्यात दाताला धरून ठेवणारे हाडच झिजते. म्हणजे हा रोग नावाला हिरड्यांचा, नुकसान खरे होते ते हाडाचे. खांबाभोवतालची माती वाहून गेली तर खांब कितीही मजबूत असो, डुगडुगणारच.

हा रोग काही थोड्याथोडक्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेल्या अहवालात जगभरात शंभर कोटींहून अधिक लोकांना तीव्र स्वरूपाचा हिरड्यांचा रोग असल्याचा अंदाज दिला आहे.

आपल्या भागात त्याला आणखी एक खतपाणी आहे, ते म्हणजे मिश्री. कोणी मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी दातांना लावून बसायचे. दात घासण्याच्या नावाखाली केलेले व्यसनच ते! निपाणीचा तंबाखूचा पट्टा आपल्या उंबऱ्याशी, त्यामुळे कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे पुष्कळ आज्या-मावश्यांच्या डबीत मिश्री असायचीच, आजही काही घरांत आहे. शहरातल्या बायकांनी ती सोडली असे आपण म्हणतो, पण मी शाळेत शिकवते तिथल्या मुलींच्या आयांशी बोलताना कळते की ती सुटलेली नाही, फक्त लपलेली आहे. पोट साफ होत नाही म्हणून, दाढ दुखत होती म्हणून, बाळंतपणात सवय लागली म्हणून. मिश्रीने हिरड्या खाली सरकतात, तोंडात पांढरे चट्टे उठतात आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण गरोदरपणाचे ऐकून ठेवा. मुंबईत झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू लावणाऱ्या गरोदर बायकांची (त्यांतल्या बहुतेक जणी मिश्रीच लावणाऱ्या) बाळे सरासरी शंभर ग्रॅमहून अधिक हलकी भरली, आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात बरेच जास्त आढळले.

दुसरे खतपाणी मधुमेहाचे. साखर आणि हिरड्या यांचे नाते दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा रोग जोर धरतो, आणि हिरड्यांत पू राहिला की साखर आटोक्यात यायला त्रास देते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी रक्ततपासणी असते, तिचा आकडा हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत सुमारे ०.४ ने उतरतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसले आहे. आकडा लहान वाटेल, पण तो केवळ दातांची सफाई करून मिळालेला आहे, नवी गोळी घेऊन नव्हे. माझ्या जाऊबाईंची साखर चार वर्षांपासून वरखाली होत होती. गोळ्या वाढल्या, भात बंद झाला, संध्याकाळी रंकाळ्यावर फेऱ्या सुरू झाल्या. पण ‘तोंड उघडा बघू’ असे त्यांना कोणी कधी म्हटले नाही.

त्यांचे वय सेहेचाळीस. खालचे पुढचे दात हलायला लागले तेव्हा त्या एका दवाखान्यात गेल्या. तिथे पाच मिनिटांत निकाल लागला : ‘सगळे काढून टाका आणि कवळी बसवा. नाहीतरी जाणारच आहेत.’ घरी येऊन त्या कोणाशी बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना मला एवढेच म्हणाल्या, ‘अगं, लेकीचं लग्न व्हायचंय. फोटोत मी कवळी लावून उभी राहू का?’ भाऊजींचे म्हणणे, डॉक्टर सांगतात तर काढून टाकावेत, रोजची कटकट तरी मिटेल. मी म्हटले, ‘जाऊबाई, साडी घेताना आपण महाद्वार रोडची चार दुकानं पालथी घालतो, मग बत्तीस दातांसाठी दुसरं एक दार ठोठवायला काय हरकत आहे?’

ते दुसरे दार होते हिरड्यांच्या तज्ज्ञाचे. दातांच्या डॉक्टरांतही असे वेगळे तज्ज्ञ असतात, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. दंतवैद्यकाची पदवी झाल्यावर आणखी तीन वर्षे फक्त हिरड्या आणि दातांभोवतालचे हाड एवढाच विषय घेऊन ते शिकतात. पेरिओडॉन्टिस्ट असा मोठा शब्द त्यांच्या पाटीवर असतो. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपणारा नसेल तर दंत महाविद्यालयाचे रुग्णालय पाहावे. तिथे हिरड्यांचा विभाग असतोच आणि खर्च पुष्कळ कमी येतो. आपल्या जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात न्यू पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, सांगलीला भारती विद्यापीठाचे आहे, कऱ्हाडला कृष्णा विद्यापीठाचे, बेळगावला के.एल.ई.चे. वेळ जास्त जातो, शिकणारी मुले हात लावतात म्हणून काही जणी कचरतात. पण त्यांच्या पाठीशी शिकवणारे उभे असतात, आणि ती मुले घाई करत नाहीत हा मला त्यातला मोठा गुण वाटतो.

तज्ज्ञांनी प्रथम काय केले, तर मोजमाप. खुणा केलेली एक बारीक बोथट सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालून खोली मोजली. ‘तीन, तीन, पाच, सात…’ असे आकडे ते सांगत होते आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती. शिवणाच्या क्लासमध्ये मापे घेतात तसे! मग एक्स-रे. त्यात हाड किती उतरले आहे ते दिसते. ही मोजणी न करता कोणी ‘सगळे काढा’ किंवा ‘सगळे वाचतील’ म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मोजणीनंतर लगेच ऑपरेशन नाही. आधी खोल सफाई. जागा बधिर करून हिरडीच्या आतले, मुळावरचे कीटण खरवडून काढतात. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. होते असे की हाड आधीच गेलेले असते आणि कीटणाच्या लिंपणानेच दात एकमेकांना धरून बसलेले असतात. लिंपण काढले की खरी परिस्थिती उघडी पडते. सूज उतरल्याने फटीही दिसू लागतात. दोष सफाईचा नाही, उशिराचा आहे. तसाच दुसरा समज, वरचा दात काढला की नजर जाते. वय झाले की दातही जातात आणि चष्म्याचा नंबरही वाढतो, यापलीकडे त्यात काही तथ्य नाही.

खोल सफाईनंतर सहा-आठ आठवडे थांबून पुन्हा मोजतात. पुष्कळसे खिसे एवढ्यानेच आक्रसतात. जाऊबाईंचे सात-आठ जागांचे आकडे खाली आले. उरले ते खालच्या पुढच्या दातांतले आणि उजवीकडच्या एका दाढेचे. ऑपरेशनची वेळ येते ती अशा उरलेल्या, हट्टी जागांसाठी.

आजवरची नेहमीची पद्धत अशी की चार-सहा दातांची हिरडी पुढून-मागून सोडवून बाजूला करायची, पाकिटाची झाकणी उचलावी तशी. मग मुळे आणि हाड उघडे दिसते, सगळे स्वच्छ करायचे आणि हिरडी परत बसवून टाके घालायचे. पद्धत चांगली आहे, वर्षानुवर्षे तिने दात वाचवले आहेत. पण नंतर सूज येते, दुखते, आणि हिरडी बरी होताना थोडी खाली बसते. म्हणजे दात लांब दिसतात, दोन दातांमधली हिरडीची टोके जाऊन काळे त्रिकोण दिसू लागतात, थंड पाणी झिणझिणते. समोरच्या दातांना असे झाले तर बाई हसताना पदर तोंडावर घेणारच.

अमेरिकेत डॅलसच्या बेलर दंत महाविद्यालयातले डॉ. स्टीफन हॅरल यांनी १९९०नंतरच्या दशकात निराळा विचार मांडला. जिथे खड्डा आहे तेवढ्याच जागी, दोन दातांमध्ये, लहानशी चीर द्यायची. बाकीची हिरडी जागची हलवायची नाही. तिचा रक्तपुरवठा शाबूत राहतो, म्हणून ती लवकर भरते आणि खाली बसत नाही. इटलीत फ्लॉरेन्सचे डॉ. कोर्तेलिनी आणि त्यांचे सहकारी डॉ. तोनेत्ती यांनी २००७ साली याच दिशेने स्वतःची पद्धत प्रसिद्ध केली. ते सूक्ष्मदर्शक यंत्राखाली हे काम करतात.

आता अडचण लक्षात आली का? चीर लहान केली की आतले दिसायचे कसे? बाटलीच्या तोंडातून आत हात घालून तळ घासण्यासारखे ते. भिंग किंवा सूक्ष्मदर्शक मोठे करून दाखवते खरे, पण नजरेच्या सरळ रेषेत जे आहे तेवढेच. मुळाच्या पाठीमागची बाजू, दाढेच्या दोन मुळांमधली बेचकी, मुळावरच्या पन्हळीसारख्या खाचा, या जागा दिसत नाहीत, आणि कीटण नेमके तिथेच दडून बसते. गॅसच्या शेगडीमागचा कट्टा कितीही वाकून पाहिला तरी दिसत नाही, आरसा धरावा लागतो, तसे.

दातांसाठी बारीक दुर्बीण त्याआधीही निघाली होती. सुमारे एक मिलिमीटर जाडीची काचतंतूंची ती दुर्बीण हिरडी न कापता खिशात सरकवतात आणि पडद्यावर पाहत सफाई करतात. पण ऑपरेशनच्या जखमेत रक्त येते आणि काच क्षणात माखते. हॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो तोडगा काढला तो मला एखाद्या हुशार गृहिणीने काढल्यासारखा वाटला. कॅमेऱ्याच्या टोकावरून सतत हवेची बारीक धार वाहती ठेवायची, म्हणजे रक्त आणि पाणी काचेवर ठरतच नाही. चहाच्या आधणावर फुंकर मारली की वाफ बाजूला होऊन पातेल्याचा तळ दिसतो ना, तसेच! त्या कॅमेऱ्याच्याच टोकाला हिरडी अलगद बाजूला धरणारा एक छोटा भागही जोडला. २०१३ साली त्यांनी हे उपकरण दंतवैद्यकाच्या नियतकालिकात मांडले. पडद्यावर मुळाचा एवढासा तुकडा हाताच्या तळव्याएवढा मोठा दिसतो. डोळ्यांना जे गुळगुळीत वाटते तिथे मिठाच्या कणाएवढे कीटण चिकटलेले दिसते आणि मग ते काढता येते.

त्यांनी आपल्या रुग्णांचे निकाल पुढे प्रसिद्ध केले. सहा महिन्यांनी खिशांची खोली सरासरी जवळजवळ ४ मिलिमीटरने कमी झाली होती आणि हिरडी खाली बसलेली नव्हती. तीन वर्षांनंतर पाहिले तेव्हाही सुधारणा टिकून होती. ऐकायला फार छान वाटते. पण शाळेत प्रगतिपुस्तके लिहिण्याची सवय असल्यामुळे मी दुसरी बाजूही पाहते. हे निकाल ज्यांनी पद्धत शोधली त्यांच्याच हातचे आहेत, आणि त्यात नेहमीच्या पद्धतीचे रुग्ण शेजारी ठेवून तुलना केलेली नव्हती. नाजूक चिरेने, सूक्ष्मदर्शकाखाली काम करणाऱ्या निष्णात हातांचे निकालही याच तोडीचे आहेत. तेव्हा फायदा कॅमेऱ्याचा किती, लहान चिरेचा किती आणि डॉक्टरांच्या हाताचा किती, हे वेगवेगळे काढून दाखवणे कठीण आहे. माझ्यापुरते मी असे ठरवले की चीर लहान असणे आणि हात मुरलेला असणे हे आधी, यंत्र नंतर.

शिवाय प्रत्येकीला हे लागू पडत नाही. दाताशेजारी हाडात उभा खड्डा पडला असेल तर त्याला भिंती असतात, आतली जागा पुन्हा भरून यायला आधार मिळतो. तिथे ही नाजूक शस्त्रक्रिया शोभते. सगळीकडचे हाड सारखेच सपाट उतरले असेल तर भरून यायला भिंतीच नाहीत. तिथे कॅमेरा घालून काय करणार?

खड्ड्यात काय भरायचे, हाही एक प्रश्न असतो. काही वेळा हाडाची पूड घालतात. ती स्वतःच्या हाडाची असते, गायी-बैलांच्या हाडांपासून केलेली असते किंवा कृत्रिम असते. दुसरे एक जेलीसारखे औषध असते, नव्या पेशींना चालना देणारे. ते डुकराच्या पिलांच्या उगवत्या दातांतून काढतात. आपल्या घरांत हे आधी कळलेले बरे. ज्यांना चालते त्यांनी घ्यावे, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच स्पष्ट सांगावे. डॉक्टरांना त्यात वावगे वाटत नाही. शिवाय फ्लॉरेन्सच्या त्याच डॉक्टरांनी २०११ साली पंचेचाळीस रुग्णांत तीन गट करून पाहिले. एका गटात फक्त नाजूक शस्त्रक्रिया, दुसऱ्यात जेलीही, तिसऱ्यात जेली आणि हाडाची पूड दोन्ही. वर्षभराने तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही! खड्ड्याच्या आकाराप्रमाणे निर्णय बदलतो हे खरे, पण बिलात ‘पूड’ दिसली तर ‘माझ्या बाबतीत ती का लागते?’ एवढे विचारायला मुळीच संकोचू नये.

जाऊबाईंचे काम कॅमेऱ्याने नव्हे, डोळ्यांवर भिंगे लावून झाले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असेच होते. चीर मात्र लहानच होती. पुढच्या दोन दातांचे हाड टोकापर्यंत गेले होते, ते काढावेच लागले. बाकीचे राहिले. जागा बधिर केलेली होती, तासाभरात त्या बाहेर आल्या आणि पहिले वाक्य बोलल्या ते ‘डाळ भिजत घातलीस का?’

ऑपरेशननंतरचे आठ दिवस स्वयंपाकघराचे असतात. पहिल्या दिवशी काही गरम नको. गार ताक, आंबील, मऊ भात कालवून, कोमट झालेला मुगाच्या डाळीचा साधा वरण-भात. दुसऱ्या दिवसापासून खिमट, रव्याची खीर (साखर असणाऱ्यांनी ती सोडावी), उकडून कुस्करलेला भोपळा, अंड्याची भुर्जी. तांबडा रस्सा, चटणी, भडंग आणि भाकरीचा कडक पापुद्रा टाके निघेपर्यंत बंद. आमच्याकडे पाचव्या दिवशी घरात मटण शिजले, तेव्हा जाऊबाई अळणी पांढऱ्या रश्श्याची वाटी गार करून घेऊन बसल्या, तेवढ्यावर तडजोड झाली. त्या बाजूने चावायचे नाही, टाक्यांवर ब्रश फिरवायचा नाही, जीभ लावून सारखे पाहायचे नाही. गुळण्यांचे औषध देतात ते सांगितले तेवढेच दिवस वापरायचे. त्याने दातांवर तपकिरी डाग येतात आणि काही दिवस तोंडाची चवही बिघडते. डाग पुढच्या सफाईत निघतात, चव आपली आपण परत येते, घाबरू नये. टाके एक-दोन आठवड्यांनी काढतात.

रक्त पातळ होण्याची गोळी, मधुमेहाच्या किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्या-इंजेक्शने, हे सगळे डॉक्टरांना आधी लिहूनच द्यावे. आणि रक्त पातळ करणारी गोळी शेजारणीच्या सल्ल्याने आपल्या आपण बंद करू नये. दिवस गेलेले असतील तर साधी सफाई जरूर करून घ्यावी, चौथा ते सहावा महिना त्याला सोयीचा. त्या काळात हिरड्या जास्त सुजतात, रक्त येते, ‘होतंच असं’ म्हणून सोडून देऊ नये. ऑपरेशन मात्र बाळंतपणानंतर.

एवढे करून घरी आल्यावर खरा कस लागतो. खिसा पुन्हा खोल व्हायचा नसेल तर दोन्ही वेळा मऊ ब्रशने, हिरडीच्या काठाशी ब्रश तिरका धरून, सावकाश घासायचे. राखुंडी, कोळसा, मीठ-विटकर असले खरखरीत काही नको. ज्यांच्या दातांत फटी पडल्या आहेत त्यांनी बाटली धुण्याच्या ब्रशचे चिमुकले पिल्लू असावे तसा फटींचा ब्रश मिळतो तो वापरावा. औषधाच्या दुकानात विचारा, पण माप दवाखान्यातून ठरवून घ्या, फट लहान आणि ब्रश मोठा असेल तर हिरडीच दुखावते. टाचणी, सेफ्टीपिन, काडेपेटीची काडी यांनी दात कोरण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. मंगळसूत्राशी दोन सेफ्टीपिना अडकवलेल्या असतात म्हणून त्या तोंडात घालायच्या असे नाही!

आणि तंबाखू. मिश्री, तपकीर, गुटखा, पुरुषमंडळींची विडी-सिगारेट, काहीही चालू असेल तर ऑपरेशन केलेली जागा नीट भरत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, मिश्रीला मात्र घरचा तवा पुरतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग आहे हेच लक्षात येत नाही. भाऊजींचे नेमके तेच झाले. ‘माझ्या हिरड्या बघ, टिपूस नाही’ म्हणून ते जाऊबाईंना चिडवायचे. सोबत म्हणून गेले होते, खुर्चीत बसवले, तर तीन दाढांना सात-सात मिलिमीटर. आता दोघांची तारीख एकाच दिवशी घेतात.

तारीख म्हणजे दर तीन महिन्यांची. एवढा पुढे गेलेला रोग ‘बरा झाला’ असे म्हणायचे नसते, ‘थोपवला’ म्हणायचे. दर खेपेला मोजणी, सफाई, वर्षातून गरजेप्रमाणे एक्स-रे. जुने आकडे असलेला कागद जपून ठेवावा, साखरेच्या रिपोर्टांच्याच फाइलीत लावावा. डॉक्टर बदलले तरी तो कागद बोलतो. जाऊबाईंच्या त्या फाइलीत साखरेचा आकडा या वेळी थोडा खाली आला आहे. सफाईमुळे की रंकाळ्याच्या फेऱ्यांमुळे, कोण सांगणार. त्या म्हणतात दोन्हीमुळे.

हा रोग काही घराण्यांत जास्त आढळतो, म्हणून एकाला निघाला की सख्ख्या भावंडांनी आणि मोठ्या मुलांनीही एकदा मोजून घ्यावे असे तज्ज्ञांनी सांगितले होते. जाऊबाईंची धाकटी बहीण इचलकरंजीला असते, वय छत्तीस. तिच्या तोंडात ना रक्त, ना वास, ना दुखणे. बहिणीने चार वेळा फोन केला म्हणून ती नाइलाजाने गेली. मागच्या दोन दाढांशी पाच-पाच मिलिमीटर निघाले. एका खोल सफाईत दोन महिन्यांनी ते तीनवर आले आहेत.